हीथक्लिफचं क्रौर्य प्रेमाच्या खात्यावर टाकू नका

'वदरिंग हाइट्स' या इंग्रजी कादंबरीबद्दल एक मत सतत फिरत असतं: हीथक्लिफ हा खरा प्रियकर, कॅथरिन दुसऱ्याची झाली म्हणून तो पिसाळला, आणि लहानपणीच्या छळानेच तो तसा घडला; त्याला क्रूर म्हणणाऱ्यांना प्रेम कळलेलंच नाही. मला हे अजिबात पटत नाही.

आधी 'प्रेमापोटी' हा भाग. एमिली ब्राँटेच्या या १८४७ सालच्या कादंबरीत ३४ प्रकरणं आहेत आणि कॅथरिन सोळाव्यातच मरते. पुढे हीथक्लिफ काय करतो? त्याच कॅथरिनच्या मुलीला कोंडून ठेवतो, मारतो, तिचा बाप शेवटच्या घटका मोजत असताना तिला घरी जाऊ देत नाही आणि आपल्या आजारी मुलाशी, लिंटनशी, तिचं लग्न लावून टाकतो. कारण थ्रशक्रॉस ग्रेंजची, म्हणजे तिच्या माहेरच्या वाड्याची, मालमत्ता. त्या काळच्या इंग्लिश कायद्याने बायकोची जंगम मालमत्ता नवऱ्याकडे जायची, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पुढे लिंटन मरायला टेकतो. सून डॉक्टर बोलवा म्हणून काकुळतीला येते, तर हा म्हणतो, त्याच्या जिवाची किंमत छदाम नाही आणि मी छदाम खर्चणार नाही. यात कॅथरिन कुठे आहे?

कॅथरिनच्या नणंदेचं, हीथक्लिफशी लग्न करणाऱ्या इझाबेलाचं, प्रकरण तर या मताचे समर्थक विसरूनच जातात. ती त्याच्याबरोबर पळून जाते त्या रात्री तो तिच्या लाडक्या कुत्रीला रुमालाने भिंतीतल्या आकड्याला टांगतो. घरची कारभारीण आणि ही गोष्ट सांगणारी नेली डीन पोचते तेव्हा ते मुकं जनावर शेवटचे आचके देत असतं. पुढे चौदाव्या प्रकरणात तो इझाबेलाच्या देखतच नेलीला ही गोष्ट अभिमानाने सांगतो, आणि वर म्हणतो की ही बाई मला प्रेमकथेतला नायक समजून घर सोडून आली, हा तिचा भ्रम. ज्याला आज लोक प्रेमवीर म्हणतात, तोच हे म्हणतोय!

आता लहानपण. कॅथरिनच्या भावाने, हिंडलीने, हीथक्लिफला चाबकाने फोडून काढलं, शिक्षण तोडलं, शेतात राबवलं, हे खरंच आहे आणि वाचताना जीव कळवळतो. पण हिंडली मेल्यावर त्याच्या पोरक्या मुलाला, हेअरटनला, उचलून हीथक्लिफ काय बोलतो? तोच वारा पिळत राहिला तर हे झाडही तसंच वाकडं वाढतं की नाही, बघू. छळाने माणूस कसा मोडतो हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते माहीत असूनच त्याने एका पोराला निरक्षर ठेवलं, त्याच्याच वाडवडिलांच्या घरात बिनपगारी गडी केलं. लहानपणी हेअरटनही कुत्र्याची पिल्लं खुर्चीच्या पाठीला टांगताना दिसतो. क्रौर्य कसं उतरतं ते एमिलीने इथे स्वच्छ दाखवलंय.

हे मत रुजायला १९३९ चा हॉलिवूडपटही कारणीभूत आहे. त्यात दुसऱ्या पिढीची गोष्टच गाळली आहे, म्हणजे हेअरटन, लिंटन आणि कॅथरिनची मुलगी यांच्यावरचा जुलूम प्रेक्षकाला दिसतच नाही.

'शेवटी हेअरटन त्याच्या प्रेताशी रात्रभर रडत बसतो, म्हणजे त्याच्यात काहीतरी चांगलं असणारच,' असंही सांगतात. सगळ्यात जास्त अन्याय ज्याच्यावर झाला तोच एकटा रडला, हे नेली मुद्दाम नोंदवते. त्यातून मला दिसतो तो हेअरटनचा चांगुलपणा. हीथक्लिफला वाटलं होतं तसं ते झाड वाकडं वाढलं नाही.