अर्धा किलो ऊद

मस्कतला मेहुणीकडे आठ दिवसांसाठी जाणार असल्याचे आईला सांगितले, तेव्हा तिने एकच वस्तू मागितली. "अरबांचा देश आहे, तिथे ऊद चांगला मिळत असेल. येताना अर्धा किलो घेऊन ये." आमच्या घरात ऊद शुक्रवारी संध्याकाळी निखाऱ्यावर पडतो, घरात बाळंतपण झाले की बाळाच्या धुरीसाठी पडतो आणि डास फार झाले की कोणत्याही वारी पडतो. नाशिकच्या भांडीबाजाराजवळ तो कागदाच्या पुडीत मिळतो आणि त्याच्या किमतीची घरात कधी चर्चा झाल्याचे मला आठवत नाही. त्यामुळे अर्धा किलो मी अगदी सहज कबूल केला. पुढे जे घडले, त्याला आईची मागणी जेवढी कारणीभूत आहे, तेवढाच माझा भाषेविषयीचा अभिमानही कारणीभूत आहे, हे आरंभीच मान्य केलेले बरे.

विमानात मी वहीत एक यादी केली होती. दुकान, माल, किंमत, नगद, बाकी, हिशेब, खर्च, नफा, कर्ज, दलाल, हमाल हे सगळे शब्द मराठीत अरबीतून, बहुधा फारसीच्या वाटेने, आलेले आहेत. ज्या शब्दांच्या आधारे गेली पन्नास वर्षे माझ्या खिशातून पैसे जात आले, ते सर्व मला आधीच पाठ होते; मग अरबांच्या बाजारात मला परकेपणा वाटण्याचे कारणच काय, असा माझा सिद्धान्त होता. तो मी सौभाग्यवतीला ऐकवला, विमानतळावर मेहुणीला ऐकवला आणि दुसऱ्या दिवशी रुवीहून मत्रहच्या बाजाराकडे जाताना मोटारीत साडूंना सविस्तर ऐकवला.

साडू बावीस वर्षे मस्कतला आहेत. त्यांनी आम्हाला बंदरासमोरच्या रस्त्यावर बाजाराच्या कमानीपाशी सोडले आणि स्वतः समुद्राकडे तोंड करून एका बाकावर बसले. पाहुण्यांबरोबर बाजारात शिरायचे नाही, हा त्यांचा नियम आहे. उतरताना त्यांनी काही सूचना दिल्या. आज बंदरात पर्यटकांचे मोठे जहाज लागले आहे, तेव्हा भाव चढे असतील, एवढे माझ्या कानावर आले. त्यानंतर ते कॉफीच्या पेल्याविषयी काहीतरी म्हणाले, परंतु त्याच वेळी मी त्यांना 'हमाल' या शब्दाची व्युत्पत्ती समजावून देत असल्यामुळे तिकडे माझे लक्ष राहिले नाही.

मत्रहचा बाजार ओमानमधील सर्वांत जुन्या बाजारांपैकी एक समजला जातो. त्याचे जुने नाव सूक अल-धलाम, म्हणजे अंधाराचा बाजार, कारण गल्ल्या इतक्या अरुंद आणि दुकाने इतकी दाटीवाटीची की भर दिवसाही तेथे दिवा लागत असे. आता विजेचे दिवे आहेत, वर नक्षीदार लाकडी छत आहे आणि मुख्य गल्ली इतकी झगमगीत आहे की नावाचा अर्थ खोटा वाटावा. पण मुख्य गल्ली सोडून उजवीकडे वळले, की ते नाव दिव्यांपेक्षा वाटांना अधिक लागू पडते, हे ध्यानात येते. जुन्या नाशकात लहानाचा मोठा झालेला माणूस गल्लीबोळांत चुकत नसतो, असे मी सौभाग्यवतीला सांगितले. तिने उत्तर दिले नाही.

पहिला प्रयोग शालीच्या दुकानात झाला. ओमानी रियालाचे हजार भाग पाडतात आणि त्या भागाला बैसा म्हणतात. हा बैसा म्हणजे आपलाच पैसा. रियालाचा भाव त्या दिवशी सुमारे २२० रुपये होता. आकडा लहान आणि रक्कम मोठी, अशी ही रचना असल्यामुळे दुकानदार "बारा" म्हणाला, की मन प्रथम प्रसन्न होते आणि गुणाकार पूर्ण होईपर्यंत शाल घडी करून पिशवीत गेलेली असते. मी मात्र सावध होतो. भांडीबाजारातील पद्धतीप्रमाणे मी निम्म्या किमतीला मागितली आणि काही सूट मिळेल का, असे विचारले. दुकानातला पोरगा हात झटकून म्हणाला, "माफी." कर्जमाफीच्या प्रदेशातून आलेल्या माणसाला हा शब्द ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना मराठी वाचकाला यावी. मला वाटले की सूट तर मिळालीच, वर उरलेलीही माफ होत आहे. मी शाल उचलली, त्याचे आभार मानले आणि सहा रियाल पुढे केले. त्याने शाल परत ओढून घेतली. तिकडच्या बोलीत 'माफी' म्हणजे 'नाही', हे सौभाग्यवतीने शेजारच्या केरळी विक्रेत्याकडून हिंदीत समजून घेतले आणि शाल अकरा रियालांना घेतली. बाहेर आल्यावर तिच्या किनारीवरची चिठ्ठी वाचली, तेव्हा शाल अमृतसरची निघाली.

चांदीच्या दुकानात मी त्याहून मोठ्याने चुकलो. तेथे नाण्यांची पदके होती, आणि मारिया थेरेसा या ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीचे नाणे दाखवून दुकानदाराने त्यावरचे साल वाचून दाखवले: १७८०. मी तबकातली आणखी चार नाणी उलटून पाहिली, तर प्रत्येकावर १७८०. "सगळी एकाच सालची! आत कुठेतरी छापखाना असणार," असे मी सौभाग्यवतीला मराठीत, म्हणजे त्याला कळणार नाही अशा समजुतीने, सांगितले. तो दुकानदार मुंबईत कांदिवलीला वाढलेला होता. त्याने मराठीतच मला समजावले की राणी १७८० साली वारली. परंतु अरबी किनाऱ्यावरचे व्यापारी तिच्या मुखवट्याखेरीज दुसऱ्या नाण्यावर विश्वास ठेवीनात, म्हणून पुढे दीडशे-पावणेदोनशे वर्षे तेच साल घालून नाणी पाडली जात राहिली, आणि ओमानातही ती चलनात होती. म्हणजे साल एकच असूनही नाणी खरी होती. खोटा ठरला तो माझा संशय. पदक घ्यावे लागले.

या दोन प्रसंगांनंतर सौभाग्यवतीने मला आईचा ऊद आणण्यासाठी एकट्याला पाठवले आणि स्वतः साडूंच्या बाकावर जाऊन बसली.

ज्या दुकानात मी शिरलो, ते लहान आणि सुगंधी होते. काचेच्या कपाटात मखमलीवर लाकडाचे काळपट तुकडे मांडले होते. ते दुरुस्तीसाठी आणलेल्या फर्निचरचे असावेत, असे मला वाटले. पांढरा दिशदाशा आणि भरतकामाची गोल टोपी घातलेले सत्तरीचे एक ओमानी गृहस्थ समोर बसले होते. मी "ऊद?" असे विचारताच त्यांनी आदराने मान हलवली. मी म्हणालो, "अर्धा किलो."

त्यांनी मला पुन्हा एकदा विचारले. मी बोटांनी अर्ध्याची खूण केली. गृहस्थ उठून उभे राहिले, पोराला हाक मारली, खुर्ची पुसून घेतली आणि मला बसवले. खजूर आला. लांब चोचीच्या किटलीतून वेलदोड्याची कॉफी बिनकानाच्या इवल्याशा पेल्यात आली. दुकानात आलेल्या एका युरोपीय दांपत्याला त्यांनी नम्रपणे नंतर यायला सांगितले. माझ्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकाचा हा सत्कार पाहून अरबांच्या आतिथ्याविषयी जे ऐकले होते ते खरेच आहे, अशी माझी खात्री पटली. मी कॉफी संपवली, पोराने पेला भरला. मी पुन्हा संपवली, त्याने पुन्हा भरला. पानात टाकू नये, या संस्कारात वाढल्यामुळे मी भरलेले संपवत गेलो आणि रिकामे दिसेल ते भरणे हे त्याचे कर्तव्य असल्यामुळे तो भरत गेला. नको असल्यास पेला दोन बोटांत धरून हलवायचा असतो. साडू मोटारीत हेच सांगत होते, असे नंतर कळले. मी सात पेले प्यालो.

गृहस्थांची हिंदी उत्तम होती. तरुणपणी ते व्यापारासाठी मुंबईला येत आणि भेंडी बाजारात उतरत. त्यांच्या लहानपणी मत्रहमध्ये रुपयाच चालत असे, हेही त्यांनी सांगितले. आपल्या रिझर्व्ह बँकेने १९५९ साली आखाती प्रदेशासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या, आणि १९७० मध्ये ओमानचा स्वतःचा रियाल येईपर्यंत त्यांचा वापर होता. साठेक वर्षे आधी आलो असतो, तर निदान स्वतःच्या चलनात फसलो असतो, एवढेच माझ्या मनात आले. मग त्यांनी कपाट उघडले आणि मखमलीवरचा एक तुकडा चिमट्याने उचलून लहानशा तराजूत ठेवला.

"तीस रियाल," ते म्हणाले. "तोळ्याला."

तोळा हा शब्द ऐकून मला प्रथम आनंदच झाला, कारण तो माझ्या यादीत नव्हता आणि यादीत भर पडणे ही आनंदाची गोष्ट असते. अर्ध्या किलोत जवळजवळ त्रेचाळीस तोळे बसतात, हा हिशेब त्यानंतर झाला. तीस गुणिले त्रेचाळीस, गुणिले २२० हा हिशेब पूर्ण होता होता हातातला पेला थरथरू लागला, आणि पेला हललेला पाहून पोराने कॉफी द्यायची थांबवली. रक्कम दोन लाख ऐंशी हजारांच्या घरात जात होती. आईच्या शुक्रवारांचा खर्च यापूर्वी कोणी असा काढलेला नव्हता.

अशा प्रसंगी भांडीबाजारातील माणूस उठून चालू लागतो, कारण मागून हाक येते. "घरच्यांना विचारून येतो," असे म्हणून मी चालू लागलो. हाक आली नाही. मी डावीकडे वळलो, सोन्याच्या दुकानांपुढून गेलो, टोप्यांच्या गल्लीतून उजवीकडे वळलो, आणि समोर तेच दुकान होते. गृहस्थांनी हसून खुर्चीकडे हात केला. "अजून विचारतो आहे," असे मी चालता चालता सांगितले. दुसऱ्या वेळी मी मुद्दाम उलट दिशेने निघालो, हलव्याच्या दुकानांशी पोचलो (येथला हलवा साखर, तूप, केशर आणि गुलाबपाण्याचा असतो, मराठीत हलवा संक्रांतीला अंगावर घालतात आणि मासळीबाजारात तळण्यासाठीही घेतात, त्यामुळे माझ्या सिद्धान्तावरची श्रद्धा तेथेच थोडी डळमळली) आणि तेथून समुद्राचा वास येत असल्याचे वाटले म्हणून त्या वासाच्या मागे गेलो. तो वास सुकटीचा होता. पुढे एका निवासी वस्तीचे दार लागले; तेथल्या पहारेकऱ्याने हात वर करून मला परत पाठवले आणि परतीच्या वाटेने मी तिसऱ्यांदा त्याच दुकानापुढे उभा राहिलो. पोराच्या हातात किटली तयार होती.

मी आत जाऊन बसलो आणि सगळे सांगून टाकले. आईचा निखारा, शुक्रवार, बाळाची धुरी, डास, पुडी, काहीही वगळले नाही. डासांचा उल्लेख झाला तेव्हा गृहस्थांनी डोळे मिटले. मग ते इतके हसले की शेजारचे दुकानदार गोळा झाले आणि त्यांना अरबीत सर्व पुन्हा सांगण्यात आले. त्यातला 'नामूस' हा शब्द डासासाठी असावा, एवढे मला श्रोत्यांच्या चेहऱ्यावरून कळले. तिकडे ऊद म्हणजे अगरूचे लाकूड, जे सोन्यासारखे तोळ्यावर विकले जाते. आपण ज्याला ऊद किंवा लोबान म्हणतो, तो वेगळ्याच झाडाचा राळेसारखा चीक असून तो पूर्वेकडच्या बेटांतून येतो. अरब त्याला 'लुबान जावी', जावाकडचा लुबान, म्हणत. आणि खुद्द लुबान ही ओमानची स्वतःची वस्तू असून दक्षिणेकडच्या धोफार प्रांतात झाडाच्या सालीला चिरा देऊन तिचे थेंब गोळा करतात. एकूण, माझा शब्द अरबी होता, वस्तू सुमात्रा-जावाकडची होती आणि गिऱ्हाईक नाशिकचे होते.

लुबान त्यांच्या दुकानात नव्हता. पोराला बरोबर देऊन त्यांनी मला पलीकडच्या दुकानात पाठवले. तेथे होजरी नावाच्या उत्तम प्रतीचे फिकट हिरवट खडे होते. चव पाहा, म्हणून विक्रेत्याने एक खडा हातावर ठेवला, कारण ओमानात लुबान चघळतात आणि रात्रभर पाण्यात भिजवून ते पाणीही पितात. खडा प्रथम भुगा होतो, कडवट लागतो, देवदाराच्या फळीला जीभ लावल्यासारखा, आणि मग एकाएकी त्याचा चिकट गोळा बनतो. त्या गोळ्याने माझ्या उजव्या दाढेवरची टोपी धरून ठेवल्यामुळे सौदा मला तोंड न उघडता करावा लागला. माझ्या आयुष्यातला हा सर्वांत यशस्वी सौदा ठरला. सात रियालांवरून विक्रेता आपण होऊन सहावर आला, आणि मी तरीही गप्प आहे असे पाहून त्याने पाव किलो लुबानावर मातीचा रंगवलेला एक मजमर, म्हणजे धूप जाळण्याचे भांडे, फुकट दिले.

पोराने मला कमानीपर्यंत आणून सोडले. साडूंनी पिशवीत डोकावून पाहिले आणि म्हणाले, "भाऊ, एकूण हाती धुपाटणे आले म्हणायचे." दाढ अडकलेली असल्याने मला उत्तर देता आले नाही.

नाशिकला परतल्यावर मी पिशवी आईच्या हाती देऊन लगेच दातांच्या डॉक्टरांकडे गेलो, आणि पिशवीत काय आहे हे सांगायचे त्या गडबडीत राहून गेले. मजमर आईला फार आवडला. त्यात तिने भांडीबाजारचा नेहमीचा ऊद जाळला. पंधरा दिवसांनी थंडी वाढली. एका सकाळी अंथरुणातच मला मत्रहचा बाजार आल्यासारखा वाटला. वास इतका दाट होता की क्षणभर कानात किटलीचा आवाजही आला. मी स्वयंपाकघरात धावलो. आई लाडवांसाठी खारीक आणि खोबरे भाजून ठेवून कढईत तूप तापवत बसली होती आणि झाऱ्याने तळाशी चिकटलेले काहीतरी खरवडत होती.

"काय रे हा डिंक आणलास," ती म्हणाली, "तुपात पडला तरी फुलत नाही मेला. कितीला दिला त्याने?"