ओटीपी आला का?

गाडीवेड्या माणसाने विजेची गाडी घेतली की लोक समाचाराला येतात. आमच्याकडे गोव्यात फोंड्याला शेजारचे काका आले. गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, हिरव्या नंबरप्लेटीकडे चष्मा वर करून पाहिलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "चालू आसा काय बंद?"

चालू होती.

काकांना वाईट वाटणं साहजिक होतं. वर्षानुवर्षं मी बाल्कनीत बसून, रस्त्याकडे न बघता, कोणाची गाडी गेली ते त्यांना सांगत आलो आहे. मारुती ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरांचं इंजिन सकाळी चोक ओढल्यावर कसं कण्हतं, इंजेक्टर बिघडलेली डिझेल गाडी कशी खोकते, बसचा ड्रायव्हर फर्मागुडीची चढण तिसऱ्यावर काढू बघतो आणि अर्ध्यात नाइलाजाने दुसरा टाकतो, हे सगळं मला कानाने कळतं. अशा कानांच्या मालकाने मुकी गाडी घ्यावी, म्हणजे पट्टीच्या खवय्याने पथ्याच्या जेवणाला बसावं, असं काकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

गाडी घ्यायचं बायकोने ठरवलं. पेट्रोलचा खर्च ती वहीत लिहून ठेवायची आणि ती वही जेवताना वाचून दाखवायची.

पण खरं सांगतो, मोटरशी माझं काहीएक भांडण नाही. उलट ती मला आवडली. पेट्रोल इंजिनाला जोर यायला आधी फेरे वाढवावे लागतात. विजेच्या मोटरचा जोर पहिल्या फेऱ्यापासून हजर. फर्मागुडीच्या चढणीवर ट्रकच्या मागे अडकल्यावर नुसता पाय दाबायचा. गिअर नाही, क्लच नाही, 'आता जाऊ की थांबू' हा विचारही नाही; विचार होईपर्यंत ट्रक आरशात गेलेला असतो. चाळीस वर्षं गिअर बदलून कमावलेलं कसब या बाईने एका दिवसात बिनकामाचं केलं, तरी मला तिचा राग येत नाही. राग येतो तो तिच्याभोवती गोळा झालेल्या शहाण्यांचा.

विजेची गाडी म्हणजे कालपरवाचं खूळ, असं कोणी म्हणालं की मी त्याला १८९९ सालात नेऊन सोडतो. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पॅरिसजवळ कामिय जेनात्झी नावाच्या बेल्जियन गृहस्थाने ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडला. रस्त्यावरच्या वाहनाने शंभरी गाठायची ती पहिली वेळ, आणि ते वाहन विजेवर चालत होतं. पाणतीरासारख्या आकाराच्या त्या गाडीचं नाव 'कधीच समाधानी नसलेली'. हे नाव आमच्या घरात कोणाला लावावं याबद्दल दोन मतं आहेत.

पुढे हेन्री फोर्ड पेट्रोलच्या गाड्या खोऱ्याने काढत होता, तेव्हा त्याची बायको क्लारा मात्र 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' ही विजेची गाडी फिरवायची. पेट्रोलच्या गाडीला पुढ्यात उभं राहून हँडल मारावं लागे, आणि ते उलटं फिरलं की मनगट गेलं. विजेच्या गाडीत बसलं की निघता यायचं. मग १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर कॅडिलॅकमध्ये बसला, हँडल मारायचं कारण उरलं नाही, आणि विजेच्या गाडीची मोठीच फुशारकी संपली. विजेच्या गाडीचा काटा काढला तो विजेच्याच एका छोट्या मोटरने. भाऊबंदकी आपल्याकडेच असते असं नाही.

सांगायचा मुद्दा, या गाडीची सगळी पुण्याई सोपेपणाची. क्लाराबाई बसायच्या आणि निघायच्या. मी काय करतो ते ऐका.

मी बसलो की समोरचा पडदा उजळतो आणि सूचना येते : गाडी चालवताना रस्त्यावरून नजर हलवू नये. ती वाचायला नजर हलवावी लागते, आणि खालचं 'मान्य' दाबल्याशिवाय ती जात नाही. पूर्वी एसीला गोल खटका असायचा. अंधारात हात घातला तरी बोटाला सापडायचा. आता तापमान, पंखा, काच पुसणं, सगळं पडद्याच्या पोटात. पावसाळ्यात बाणस्तारीला एसी कमी करायला बोट नेलं, नेमका खड्डा आला आणि रेडिओ लागला. तो बंद करायला गेलो, दुसरा खड्डा आला आणि भाषा बदलली. पणजीपर्यंत गाडी आमच्याशी तमिळमध्ये बोलत होती. तक्रारीचा सूर होता एवढं कळलं.

मुलगा म्हणाला, "बाबा, हात कशाला लावता? तोंडाने सांगा." तोंडाने सांगितलं, "फोंड्याला घरी चल." तिने आनंदाने फोंडाघाटाचा रस्ता लावला. कणकवलीमार्गे.

गायींचं प्रकरण वेगळंच. आमच्याकडे पावसात गायी डांबरी रस्त्यावर येऊन बसतात, कारण बसायला तेवढीच कोरडी जागा. इंजिनाची गाडी जवळ आली की त्या निदान कान हलवायच्या. माझी गाडी शिंगाशी जाऊन उभी राहिली तरी त्यांची रवंथ चालूच. युरोपात २०१९ पासून विजेच्या नव्या मॉडेलांना हळू चालताना मुद्दाम आवाज काढावा लागतो, पादचाऱ्यांना कळावं म्हणून. हे ऐकून मला आमच्या पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, आठवण झाली. पहाटे सायकलवर पाव घेऊन येतो. सायकल मुकी, म्हणून हातात भोंगा. पों पों केलं की अख्खा वाडा जागा. युरोपने समिती नेमण्याआधी आमच्या पोदेराला विचारायला हवं होतं.

आता मेस्ताची गोष्ट. गावचा मेस्त, म्हणजे गाड्या दुरुस्त करणारा मिस्त्री, माझ्यावर रुसलेला होता. ऑइल नाही, प्लग नाही, क्लचप्लेट नाही, टायमिंग बेल्ट नाही. रेडिएटरपाशी उभं राहून 'हेड उकलूक पडटलें' म्हणून घाबरवायची सोय नाही. बॉनेट उघडून त्याने एकदा आत बघितलं होतं. जाड नारिंगी केबली दिसल्या. "हात लावू नको, शेकडो व्होल्ट असतात," म्हटल्यावर त्याने बॉनेट असं हळुवार लावलं की मलाच अपराधी वाटलं.

चवथीला आम्ही मोठ्या घरी गेलो आणि गाडी अंगणात माडाखाली राहिली. आत बारकासा दिवा पेटत राहिला असावा. निघायच्या दिवशी किल्लीचं बटण दाबतो तर गाडी ढिम्म. मोठी बॅटरी जवळजवळ भरलेली, पण या गाड्यांत दुसरी एक छोटी बारा व्होल्टची बॅटरी असते, जुन्या गाड्यांत असते तशीच. दाराची कुलुपं, दिवे, संगणक सगळं तिच्यावर. उभ्या गाडीत मोठी बॅटरी सुरक्षेसाठी तोडून ठेवलेली असते आणि ती जोडायचा खटका ओढायचं कामही या छोटीचंच. छोटी गेली की मोठी पोटात असून नसल्यासारखी. रिमोटच्या आत दडवलेली पात्यासारखी किल्ली काढून दार उघडलं आणि मेस्ताला निरोप धाडला.

मेस्त आला तो जंपर केबल खांद्यावर टाकून, आपली जुनी मारुती घेऊन. इतका खूश मी त्याला पूर्वी पाहिलेला नाही. "पात्रांव, इतली व्हडली बॅटरी पोटांत, आनी दार उगडना?" त्याने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना कुंपणापलीकडच्या लोकांना ऐकू जाईल अशा बेताने. चाळीस वर्षांपूर्वीच्या बनावटीच्या मारुतीने माझ्या गाडीला जीव दिला. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, गंमत वसूल झाली.

पण हे सगळं परवडलं. खरा प्रसंग कोल्हापूरहून परत येताना घडला.

साडूच्या मुलीचा साखरपुडा होता. कंपनीच्या कागदावर आमची गाडी तीनशेच्या वर जाते; एसी, वायपर, दिवे आणि सासुरवाडीचं सामान धरलं की दोनशेच्या आसपास. म्हणजे रात्री तिला तिथे वीज पाजणं आलं. पाहुण्याने चहा मागावा, जास्तीची उशी मागावी. वीज मागायची पद्धत आपल्याकडे अजून रूढ झालेली नाही. पंधरा अँपियरचा सॉकेट घरात एकच, गिझरचा. बॅटरी तीस युनिटांची, सॉकेटातून तासाला तीनेक युनिटं जातात. पुरती नऊ-दहा तासांची बेगमी. साखरपुड्याच्या सकाळी साडूच्या घरच्यांनी थंड पाण्याने आंघोळी केल्या. साडू काही बोलले नाहीत. फक्त निघताना जिन्याखालच्या मीटरपाशी जरा जास्त वेळ थांबले.

आजऱ्याहून आंबोलीला आलो आणि घाट उतरायला लागलो. इथे मात्र मला या गाडीचं मनापासून कौतुक आहे. पाय काढला की मोटर जनरेटर होते, गाडीचा वेग खाते आणि बॅटरीत भरते. चढताना गेलेलं सगळं परत मिळत नाही, पण आकडा वाढताना डोळ्यांना दिसतो. "उतारावर पेट्रोल टाकीत परत येतं का हो कधी?" बायकोने विचारलं. ही ओळ ती दर घाटाला म्हणते.

पत्रादेवी ओलांडून गोव्यात शिरलो तेव्हा चौदा टक्के उरले होते. पेडण्याच्या बाजूला हमरस्त्यावर एका हॉटेलच्या आवारात चार्जर असल्याचं मोबाइलने सांगितलं. होताही. दोन गाड्यांची जागा. एकीत काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची भाड्याची जीप, पेट्रोलवाली, तिचे पर्यटक आत फिश थाळी खात बसलेले. दुसरी जागा मोकळी. पाऊस मी म्हणत होता. छत्री मानेत धरून चार्जरची ती जड बंदूक उचलली. गाडीच्या तोंडाला वर सात छिद्रं, खाली दोन मोठी. नेम धरून बसवली, खट्‌ झालं. पेट्रोलपंपावर इथे काम संपतं.

मशीन म्हणालं, ॲप उघडा. माझ्या मोबाइलात चार्जिंगची पाच-सहा ॲपं आहेत, प्रत्येक कंपनीचं निराळं, प्रत्येकात आमचे थोडेथोडे पैसे अडकलेले. या कंपनीचं नेमकं नव्हतं. ते उतरवायला रेंज नव्हती. "बाबा, पिंपळाखाली या, एक काडी दिसतेय," मुलगा ओरडला. पिंपळाखाली ॲप उतरलं. नाव, पत्ता, जन्मतारीख, गाडीचा नंबर. मग ओटीपी. ओटीपीची मुदत अर्धा मिनिट आणि पावसात तो पिंपळापर्यंत पोचायला लागतं एक मिनिट. "आला का?" बायको गाडीतून. "आला, पण मेला." पुन्हा मागवला. या वेळी दोन आले आणि दोन्ही आधीचे निघाले.

शेवटी आत शिरलो. वॉलेटमध्ये अमुक इतके तरी भराच, म्हणाले. आम्हाला लागणार होती त्याच्या निम्म्याची वीज. भरले. कोड स्कॅन केला. पडद्यावर लाल अक्षरं : आपत्कालीन स्थिती. हेल्पलाइन लावली. बासरी वाजली. माझा कॉल त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे असं एक मुलगी पुनःपुन्हा सांगत राहिली, आणि मला क्लाराबाई आठवल्या, हॅट घालून आरामात निघालेल्या.

एवढ्यात हॉटेलचा वॉचमन आला, डोक्यावर प्लास्टिकचं पोतं. बांद्याचा असावा. मशीनच्या कुशीत अळंबीसारखं लाल बटण होतं, ते त्याने नुसतं पिळलं. लाल अक्षरं गेली. "पोरां दाबतत," तो म्हणाला. "रोजचाच हा."

पण तोवर ॲपने मला बाहेर काढलं होतं आणि नवा ओटीपी पाठवायला निघालं होतं. वॉचमनने माझ्याकडे, पिंपळाकडे आणि भिजलेल्या मोबाइलकडे पाहिलं. "तां रवांदे. माझ्या मोबायलावरसून लावतंय. पैशे रोख द्या."

त्याच्याकडे हॉटेलच्या वायफायचा पासवर्ड होता, सगळ्या कंपन्यांची ॲपं होती, प्रत्येकात पैसे भरलेले. त्याने बोट टेकवलं, मशीन गुरगुरलं, आकडा चढायला लागला. मग खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही काढली, दोऱ्याने बांधलेलं पेन जिभेला लावलं आणि आमच्या गाडीचा नंबर, युनिटं, रुपये, सही. पानभर नंबर होते. पुण्याचे, बेळगावचे, मुंबईचे. पूर्वी वाण्याच्या दुकानात अशी वही असायची. देशातली सगळी स्मार्ट वाहतूक पेडण्यात त्या पेनावर चालली होती.

ऐंशी टक्क्यांनंतर बॅटरीला जपायला चार्जर आपणच मंदावतो, म्हणून तिथेच बंदूक काढली. तेवढ्या वेळात आम्ही भजी खाल्ली, जीपवाले पर्यटक येऊन गेले, आणि हिरव्या पाटीची आणखी एक गाडी आवारात शिरली. तिच्यातला माणूस बाहेर पडला आणि मोबाइल उंच धरून काडी शोधत पिंपळाच्या दिशेने निघाला. वॉचमनने त्याला हाक मारली नाही. "भिजांदे इल्लो," तो आम्हाला म्हणाला. "आदीच सांगितलंय तर भाव करतत."

बायकोने निघण्याआधी त्याचा नंबर घेतला आणि मोबाइलमध्ये 'पेट्रोल पंप' या नावाने सेव्ह केला.