‘रॉक आयलंड’मध्ये ना धान्याची भेसळ, ना समुद्राचं मीठ

स्कॉटलंडच्या ‘रॉक आयलंड’ या ब्लेंडेड माल्ट व्हिस्कीबद्दल एक मजकूर फिरतोय : ‘ब्लेंडेड म्हणजे स्वस्त धान्याची व्हिस्की मिसळलेली, आणि खारट चव यावी म्हणून त्यात समुद्राचं मीठ घालतात.’ दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

‘ब्लेंडेड’ आणि ‘ब्लेंडेड माल्ट’ यांत मोठा फरक आहे. २००९ च्या स्कॉच (स्कॉटलंडची व्हिस्की) नियमांनुसार ब्लेंडेड माल्टमध्ये दोन किंवा अधिक डिस्टिलरींच्या सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या जवापासून बनलेल्या) व्हिस्कीच असतात. म्हणजे सगळी व्हिस्की मोड आणलेल्या जवाची. गहू, मका अशा इतर धान्याच्या व्हिस्कीचा थेंबही चालत नाही. रॉक आयलंडमधले माल्ट आयला, जुरा, अरन आणि ऑर्कनी या बेटांवरचे आहेत.

आता मिठाचं. स्कॉचमध्ये पाणी आणि साधा कॅरमेल रंग यांखेरीज काहीही घालायला कायद्याने बंदी आहे. शिवाय ऊर्ध्वपातनात मीठ वाफेबरोबर वर चढतच नाही, भांड्यातच राहतं. मग जिभेला खारं का वाटतं? बराचसा वाटा पीटच्या (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या इंधनाच्या) धुराचा, असं माझं मत; जव वाळवताना तो त्यात मुरतो. धुरातल्या फिनॉल या संयुगांचा वास आयोडीनसारखा, ओल्या दोरखंडासारखा येतो आणि मन लगेच बंदरावर पोचतं. समुद्राची हवा पिंपात शिरते, हे स्पष्टीकरण मला पटत नाही : आयलावरच्या काओल ईला डिस्टिलरीची बरीचशी पिंपं तर मुख्य भूमीवरच मुरतात.

४६.८ टक्के अल्कोहोलची ही व्हिस्की चाखताना चमचाभर पाणी घाला. आधी धूर, मग लिंबाची साल, शेवटी मिरी. खारेपणा खरा जाणवतो. मीठ मात्र त्यात नाही.