इस्त्रीची वायर का तुटत नाही?

एकच मेसेज माझ्याकडे तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून आला. मथळा असा: ‘केबल खराब होत नाही, आपण ती खराब करतो.’ खाली पाच मुद्दे. चार्जिंगची केबल तुटते ती वापरणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे, पिन सोडून वायर खेचल्यामुळे. कंपनीची महाग केबल घेतली की प्रश्न मिटतो, कारण किंमत आतल्या तंत्रज्ञानाची असते. स्वस्त केबल फोनची बॅटरी मारते. नायलॉनच्या विणीची केबल आयुष्यभर टिकते. आणि शेवटचा, केबलला टेप लावणं हा कंजूषपणा आहे, जरा काही झालं की ती फेकून द्यावी.

तिसऱ्यांदा तो मेसेज आला त्या दिवशी आईने तिच्या टॅबलेटची केबल मला आणून दाखवली. पिनेजवळचं आवरण फाटलं होतं, आतली चंदेरी जाळी दिसत होती. दीड वर्षातली ही तिसरी. ‘माझ्याच हाताला वळण नाही बघ,’ ती म्हणाली. हे वाक्य तिने त्या मेसेजमधूनच उचललं होतं, आणि मला ते सहन झालं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

सगळ्यात आधी तो निष्काळजीपणाचा आरोप. घरात साठलेल्या चार मेलेल्या केबल मी ब्लेडने चिरून उघडल्या. चारही एकाच जागी गेल्या होत्या: पिनेच्या लगेच मागे, बोटाच्या एका पेराएवढ्या अंतरात, म्हणजे केबलच्या मानेत. उरलेली मीटरभर वायर शाबूत. खरं तर त्या मीटरभर वायरचेच हाल जास्त होतात. तिच्यावर पाय पडतो, खुर्ची सरकते, ती गुंडाळून पिशवीत कोंबली जाते. वापरणाऱ्याच्या हेळसांडीने केबल तुटत असती तर ती कुठेही तुटली असती. दर वेळी ती मानेतच तुटते, याचा अर्थ दुबळेपणा मानेत आहे.

तो तिथे का आहे हे समजायला अवघड नाही. पिन कडक, वायर मऊ. जिथे कडक संपतं आणि मऊ सुरू होतं तिथे वाकण्याचा सगळा ताण एकवटतो. तांब्याची एखादी तार चिमटीत धरून पुढे-मागे वाकवून बघा. आधी ती सहज वाकते, मग त्याच जागी कडक होते, मग तुटते. केबलमध्ये अशा केसासारख्या बारीक तारांची जुडी असते. त्यातली एक तुटली तर कळतही नाही. बऱ्याच तुटल्या की उरलेल्यांवर सगळा भार येतो, ती जागा तापायला लागते, चार्जिंग मंदावतं, आणि मग ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे दिवस येतात, केबल अमुक कोनात धरली तरच चालते आणि फोन हलवला की बंद पडते.

टॅबलेटचं तर विचारूच नका. तो फोनपेक्षा जड, आणि आडवं पडून वाचताना किंवा उभा धरून व्हिडिओ बघताना त्याची खालची कड पोटावर नाहीतर गादीवर टेकते. पिन नेमकी त्याच कडेला. म्हणजे यंत्राचं वजन थेट केबलच्या मानेवर. ज्याने टॅबलेट बनवला त्याला लोक तो असाच धरणार हे ठाऊक असतं, जाहिरातीतली माणसंही तसाच धरतात.

आता इस्त्री आठवा. इस्त्रीची वायर कपड्यागणिक पुढे-मागे वाकते, झटके खाते, गरम तव्याशेजारी राबते, आणि वर्षानुवर्षं टिकते. आमच्या आईची इस्त्री सोळा वर्षांची आहे आणि वायर पहिलीच. जिच्या हाताला वळण नाही म्हणे, तिचीच ही इस्त्री. फरक हातात नाहीच. इस्त्रीत वायर जिथे शिरते तिथे लांब, निमुळता रबरी गळा असतो, तो वाक एका बिंदूवर साचू देत नाही. पुष्कळ इस्त्र्यांमध्ये ती जागा फिरतीही असते, त्यामुळे वायर पिळली जात नाही. घरगुती विजेच्या उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकात, म्हणजे आयईसी ६०३३५ मध्ये, वापरताना हलणाऱ्या वायरसाठी वाकवण्याची खास चाचणी आहे. यंत्रावर ती वायर किमान १० हजार वेळा वाकवतात आणि नंतर आतल्या तारा तपासतात. एकाही वाहकातल्या १० टक्क्यांहून जास्त तारा तुटलेल्या चालत नाहीत.

यूएसबी केबलच्या मानकातही वाकवण्याची चाचणी आहे. किती वेळा? दोन दिशांना प्रत्येकी १०० वेळा. त्याच मानकात टाइप-सीची (हल्लीच्या बहुतेक फोनना लागते ती) पिन आत-बाहेर करण्याची चाचणी मात्र १० हजार वेळांची आहे. दोन्ही मानकांतली वजनं आणि कोन वेगळे आहेत, त्यामुळे इस्त्रीचा आकडा केबलच्या आकड्यासमोर जसाच्या तसा ठेवता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण एकाच केबलच्या पिनेकडून १० हजारांची अपेक्षा आणि मानेकडून १०० ची, यातून प्राधान्य कशाला दिलं ते स्पष्ट दिसतं. एखाद्या उत्पादकाने स्वतःहून याच्या कित्येक पट कसून चाचणी घेतली तर त्याला कुणी अडवलेलं नाही. मानकाची सक्ती तेवढी नाही, इतकंच.

वायर धरून खेचू नये, पिन धरून काढावी, हे मेसेजमधलं सांगणं बरोबर आहे. तसं करावंच. पण त्याने मानेचं आयुष्य थोडं वाढतं, मान बळकट होत नाही.

दुसरा मुद्दा किमतीचा, आणि मला सगळ्यात जास्त खटकणारा हाच आहे. ‘किंमत तंत्रज्ञानाची असते.’ बरं, मग केबलमध्ये काय काय असतं ते बघू. साध्या चार्जिंगच्या यूएसबी केबलमध्ये चार तारा: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. दोन्ही टोकांना टाइप-सी असेल तर अडॅप्टर आणि फोनने एकमेकांना ओळखावं म्हणून आणखी एक. ३ अँपिअरपर्यंतच्या अशा केबलला चिपची सक्तीच नाही. ५ अँपिअरची असेल तर ओळख सांगणारी छोटी चिप लागते. लायटनिंगच्या, म्हणजे आयफोनच्या जुन्या, पिनेत अस्सलपणा पटवणारी चिप होती आणि त्यासाठी बाहेरच्या उत्पादकांना परवाना घ्यावा लागे, तो खर्च किमतीत यायचा. ही चिप आपल्या कामाची होती का? तिने केबल एक दिवसही जास्त टिकली नाही. ती २०१२ मध्ये आली, नव्या आयफोनमधून २०२३ मध्ये जायला लागली, आणि त्या अकरा वर्षांत फाटक्या मानेच्या पांढऱ्या केबल प्रत्येकाने पाहिल्या आहेत.

याच संदर्भात मायक्रो-यूएसबीची, म्हणजे टाइप-सीच्या आधीच्या बारीक पिनेची, एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिची रचना करणाऱ्यांनी पकड धरणारे, झिजणारे स्प्रिंग मुद्दाम केबलच्या पिनेत घातले. विचार असा की झीज व्हायचीच तर ती केबलमध्ये व्हावी, फोनच्या पोर्टमध्ये नको, कारण केबल बदलणं सोपं आणि स्वस्त. हा विचार मला पूर्ण पटतो. टाइप-सीनेही तोच उचलला. पण मग त्यातून एक जबाबदारीही येते. जो भाग झिजण्यासाठीच बनवला, तो झिजण्याच्या भागाच्या किमतीत मिळाला पाहिजे. झिजणार हेही गृहीत, किंमतही चढी आणि वर दोष वापरणाऱ्याचा, या तीन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

महाग केबल टिकाऊ असती तर मी गप्प बसले असते. पण खोक्यावर वाचा. वॅट असतात, लांबी असते, वेग असतो. आत तांबं किती जाडीचं आहे, मान किती वाकांची चाचणी पास झाली आहे, हे माझ्या हातात आलेल्या महागड्या केबलच्या खोक्यांवरही नव्हतं. जे लिहिलेलंच नाही त्याची तुलना ग्राहकाने करायची कशी? मग उरतं काय, नाव आणि रंग.

स्वस्त केबल बॅटरी मारते, हा तिसरा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. केबल फोनमध्ये वीज ढकलत नाही. अडॅप्टर विजेचा ठरलेला दाब (व्होल्टेज) देतो, आणि बॅटरीत किती प्रवाह जाऊ द्यायचा ते फोनच्या आतलं सर्किट ठरवतं. पातळ तारांच्या केबलने बहुतेक वेळा होतं ते एवढंच की दाब वाटेतच पडतो. हिशोब करून बघा. २८ गेजच्या (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक) तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. वीज जाणार आणि परत येणार, म्हणजे मीटरभर केबलला ०.४२ च्या आसपास. २ अँपिअर वाहिले की ०.८ व्होल्टहून जास्त दाब वायरीतच खर्च होतो. अडॅप्टरने ५ व्होल्ट दिले तर फोनपर्यंत ४.२ च्या आत पोचतात. हीच केबल २४ गेजची असेल तर घट ०.३४ व्होल्टच्या आसपास. लांब केबलने फोन रात्रभर रखडत चार्ज होतो त्याचं कारण हे. बॅटरी त्याने मरत नाही, फक्त ताटकळते.

खरा धोका चुकीच्या जोडणीचा. टाइप-सी नवीन होतं तेव्हा, २०१५-१६ मध्ये, गूगलमधला अभियंता बेन्सन ल्युंग बाजारातल्या केबल एकेक करून तपासत होता. जुन्या चौकोनी यूएसबीतून टाइप-सीत जाणाऱ्या केबलमध्ये ५६ किलोओहमचा रोधक (रेझिस्टर) हवा. तो अडॅप्टरची मर्यादा फोनला कळवतो. कित्येक केबलमध्ये भलताच रोधक निघाला, म्हणजे फोन अडॅप्टरच्या कुवतीबाहेरची वीज मागू शकत होता. एका केबलमध्ये तर विजेची आणि ग्राउंडची तार उलटी जोडलेली होती, आणि तिने त्याचा लॅपटॉप निकामी केला. मार्च २०१६ मध्ये ॲमेझॉनने मानकात न बसणाऱ्या टाइप-सी केबल विकायला बंदी घातली.

म्हणून केबल पारखून घ्या, हे मीही सांगेन. पण पारख प्रमाणपत्राची करा. यूएसबीच्या संघटनेचं प्रमाणपत्र असलेली साधी केबल, नुसत्या मोठ्या किमतीच्या केबलपेक्षा मला जास्त भरवशाची वाटते. एक अपवाद प्रामाणिकपणे सांगते: काही फोनची स्वतःची जलद चार्जिंगची पद्धत असते आणि ती त्यांच्याच केबलवर पूर्ण वेगाने चालते. तिथे दुसरी केबल लावली तर फोन हळू चार्ज होतो, पण बिघडत नाही.

विणीच्या केबलबद्दल थोडक्यात. नायलॉनची वीण घासण्यापासून, खरचटण्यापासून वाचवते, आणि ते चांगलंच आहे. पण वाकतात आतल्या तारा, आणि वीण त्यांना वाकण्यापासून रोखत नाही. मी उघडलेल्या चारपैकी एक विणीचीच होती. बाहेरून नवी दिसत होती, आत मानेपाशी एका तारेचे दोन तुकडे.

राहिला टेप. केबल फेकायच्या आधी फोनचं पोर्ट बघा. खिशातला, पर्समधला कापसासारखा कचरा तिथे दाबून बसतो, पिन पूर्ण आत जात नाही आणि आपण केबलला दोष देतो. फोन बंद करून लाकडी काडीने हलक्या हाताने तो काढला की कित्येक ‘मेलेल्या’ केबल उठून कामाला लागतात. नुसतं वरचं आवरण चिरलं असेल आणि आतली जाळी दिसत नसेल तर हीट श्रिंक ट्यूब, म्हणजे तापवली की आक्रसून घट्ट बसणारी नळी, चढवणं हा शहाणपणा आहे. नवी केबल आणल्या दिवशीच चढवली तर आणखी उत्तम, कारण उत्पादकाने न दिलेला गळा आपण देतो. मात्र धातू उघडा पडला असेल, पिन तापत असेल किंवा जळका वास येत असेल तर ती केबल त्याच क्षणी बाजूला करा. तिथे मेसेजचं बरोबर आहे.

पण ‘जरा काही झालं की फेका’ हे सहज लिहिण्याजोगं वाक्य नाही. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. एका पेराएवढी जागा तुटली म्हणून मीटरभर चांगलं तांबं आपण त्यात टाकतो. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून फोन आणि टॅबलेटना टाइप-सी पोर्ट सक्तीचं केलं, त्यामुळे निदान पोर्ट बदललं म्हणून केबल फेकण्याची वेळ कमी येईल. पण त्या कायद्याने पोर्ट ठरवलं, केबलची मान नाही. वॅटच्या आकड्याशेजारी वाकांचा आकडाही खोक्यावर छापा, एवढी माझी मागणी आहे.

चिरलेली केबल मी आईला दाखवली. तुटलेल्या तारांची टोकं भिंगातून तिने बराच वेळ बघितली. मग उठून कपाटातून इस्त्री काढली, तिच्या वायरीचा रबरी गळा दोन बोटांनी वाकवून बघितला आणि म्हणाली, ‘अगं, एवढंसं रबर लावायला यांना काय झालं होतं?’