‘एकदा दुर्बिणीतून साफ करून घ्या’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

बायकांच्या ग्रुपवर एक मजकूर दर काही महिन्यांनी फिरून येतो. त्याचं सार असं: एंडोमेट्रिऑसिस म्हणजे पाळीचं जरा जास्त दुखणं. सोनोग्राफी नॉर्मल असेल तर काही नाही. मूल झालं की थांबतं. पेनकिलर खाऊ नका, सवय लागते आणि पुढे दिवस राहत नाहीत. फारच झालं तर दुर्बिणीतून एकदा साफ करून घ्या. तीन टाके, दुसऱ्या दिवशी घरी. मुलं झाली असतील तर पिशवीच काढा, कायमची सुटका.

यातलं एखादं तरी वाक्य प्रत्येकीने घरात, कधी दवाखान्यातही ऐकलेलं असतं. म्हणून ते पटकन खरं वाटतं.

‘सोनोग्राफी नॉर्मल, म्हणजे काही नाही’

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर या आजारात बाहेर वाढतो: अंडाशयावर, ओटीपोटाच्या आतल्या आवरणावर, गर्भाशयामागच्या अस्थिबंधांवर, कधी गुदाशयावर किंवा मूत्राशयावर. अंडाशयात त्याचं जुनं, दाट रक्त साठलं की होते ती ‘चॉकलेट सिस्ट’. ही सिस्ट सोनोग्राफीत सहज दिसते. आवरणावरचे पातळ ठिपके मात्र दिसत नाहीत, आणि आतड्याजवळच्या खोल गाठी दिसायला योनीमार्गातून केलेली तपासणी आणि त्यातला सराव असलेला हात लागतो. लग्न न झालेल्या मुलींची सोनोग्राफी आपल्याकडे बहुतेक वेळा पोटावरूनच होते. तिथे ‘नॉर्मल’चा अर्थ ‘मोठी सिस्ट नाही’ एवढाच घ्यावा. लक्षणं खोल आजाराकडे बोट दाखवत असतील तर एमआरआयबद्दल विचारा. सीए-१२५ ही रक्ततपासणी निदानासाठी उपयोगाची नाही; ती अनेक कारणांनी वाढते आणि आजार असूनही नॉर्मल येऊ शकते.

दुखणं किती आणि आजार किती, यांचा मेळ बसत नाही. चौथ्या, म्हणजे शेवटच्या स्टेजची एखादी बाई वंध्यत्वाच्या तपासणीत सापडेपर्यंत धड असते, आणि पहिल्या स्टेजची दर महिन्याला दोन दिवस अंथरुणात. पाळीत शौचाला होताना कळ येणं, संबंधाच्या वेळी आत खोल दुखणं, लघवीला दुखणं, पाळीच्याच दिवसांत उजव्या खांद्यात दुखणं (हे छाती-पोटामधल्या पडद्यावरच्या आजाराचं असू शकतं) या खुणा रिपोर्टपेक्षा जास्त बोलतात. २०२२च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार केवळ निदानासाठी प्रत्येकीला दुर्बीण घालायची गरज नाही. लक्षणांवरून औषध सुरू करता येतं.

‘मूल झालं की थांबतं’

गरोदरपणात आणि अंगावर पाजताना पाळी बंद असते, म्हणून बऱ्याच जणींना तेवढ्यापुरता आराम पडतो. पाळी परतली की दुखणंही परतू शकतं. त्याच युरोपीय सूचना स्पष्ट सांगतात की आजाराचा उपाय म्हणून गरोदर राहण्याचा सल्ला देऊ नये. तेवीस वर्षांच्या मुलीला ‘लग्न करून टाका’ हे प्रिस्क्रिप्शन देणारे अजून आहेत, त्यांच्यासाठी हे वाक्य छापून भिंतीवर लावायला हवं.

‘पेनकिलरची सवय लागते’

मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन यांची व्यसन लागावं तशी सवय लागत नाही. ठरलेल्या दिवसांपुरत्या घेतल्या तर कायमचं वंध्यत्वही येत नाही. मूल हवं असणाऱ्यांनी अंडं फुटण्याच्या दिवसांत त्या टाळाव्यात, कारण अंडं बाहेर पडणं त्या पुढे ढकलू शकतात. फॉरवर्डमध्ये खरं आहे ते एवढंच.

चूक बहुधा वेळेची होते. या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन (कळा आणणारं शरीरातलं रसायन) तयार होणं रोखतात. तयार झालेलं पुसत नाहीत. कळा असह्य झाल्यावर तिसऱ्या दिवशी घेतलेली गोळी म्हणूनच ‘लागू पडत नाही’. पहिली चाहूल लागताच, पाळी नियमित असेल तर आदल्या दिवशीच सुरू करायची, खाल्ल्यावर घ्यायची आणि पहिले दोन-तीन दिवस ठरलेल्या अंतराने चालू ठेवायची. मेफेनॅमिकचा नेहमीचा डोस ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. औषधाच्या दुकानात सर्रास मिळणाऱ्या ‘स्पास’ गोळीत ते २५० मिलिग्रॅमच असतं, सोबत पेटके सैल करणारं डायसायक्लोमिन १० मिलिग्रॅम. त्यामुळे एका गोळीने भागत नाही यात नवल नाही. पण म्हणून स्वतःच दुप्पट करू नका. जठराचा अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा पेनकिलरने वाढणारा दमा असेल तर या गोळ्या नकोतच. मेफेनॅमिकमुळे क्वचित ताप, अंगभर पुरळ आणि काख-मानेतल्या गाठींना सूज अशी गंभीर ॲलर्जी होते. भारतीय औषधकोश आयोगाने २०२३च्या अखेरीस तसा इशारा दिला होता. असं काही दिसलं तर गोळी बंद आणि थेट डॉक्टरकडे.

पेनकिलरशिवाय दुसरं नेहमीचं औषध म्हणजे डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी, रोज २ मिलिग्रॅम. पहिले तीनेक महिने मध्येच डाग पडतात, तेव्हाच बऱ्याच जणी ते सोडतात. नेमका गुण दिसू लागण्याचा काळ तोच असतो. पाळी थांबली तरी ही गर्भनिरोधक गोळी म्हणून दिलेली नसते. निरोध वापरावा लागतो.

‘एकदा साफ केलं की मुळासकट जातं’

‘साफ करणं’ या शब्दाखाली तीन वेगळी कामं खपतात. चॉकलेट सिस्टमधलं साठलेलं रक्त काढून घेणं: ती बहुधा लवकरच पुन्हा भरते. वरवर जाळणं: पातळ ठिपक्यांना चालतं, पण खोल गाठीचा वरचा थर जळतो आणि मूळ राहतं. आणि कापून, सोलून काढणं: हे वेळखाऊ, कसबाचं काम. तुमच्या बाबतीत यातलं कोणतं होणार, हे आधी विचारायचं.

चांगली शस्त्रक्रिया होऊनही दुखणं परततं. नेहमी दिला जाणारा आकडा दोन वर्षांत पाचांतली एक, आणि पाच वर्षांत ४० ते ५० टक्के असा आहे. लगेच मूल नको असेल तर नंतर हार्मोनची गोळी किंवा लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हार्मोन सोडणारी ‘कॉपर टी’ (तिच्यात कॉपर नसतं, पण बोलीत तेच नाव) निदान दीड-दोन वर्षं ठेवली की हा धोका कमी होतो. उलट, ऑपरेशनचा निकाल सुधारावा म्हणून आधी तीन महिने पाळी बंद करणारी महागडी इंजेक्शनं घेण्याचा फायदा सिद्ध नाही.

सिस्ट सोलताना तिच्यासोबत निरोगी अंडाशयाचा थोडा भागही निघतो. दोन्ही बाजूंना सिस्ट असतील किंवा आधी एक ऑपरेशन झालं असेल तर हा तोटा मोठा असतो. पुढे मूल हवं असेल तर ऑपरेशनआधी एएमएच (अंडाशयात अंडी किती उरली याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) करून घ्या आणि अंडी गोठवण्याबद्दल त्याच भेटीत विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

‘पिशवी काढली की सुटका’

आजार पिशवीच्या बाहेर आहे. पिशवी गेली तरी बाहेरच्या गाठी तिथेच राहतात. गर्भाशयाच्या भिंतीतच आजार (ॲडिनोमायोसिस) असेल, मूल नको असेल आणि बाहेरच्या गाठीही त्याच वेळी काढणार असतील, तर तो विचार करण्याजोगा पर्याय आहे, पण तेव्हाही दुखणं पूर्ण थांबण्याची हमी नाही. अंडाशयंही काढली तर पस्तिशीतही लगेच रजोनिवृत्ती येते, आणि हाडं व हृदयासाठी वर्षानुवर्षं हार्मोन घ्यावे लागतात. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळात गाजलं, समिती नेमावी लागली. या राज्यात तरी ‘पिशवी काढा’ हा सल्ला इतक्या सहज फॉरवर्ड होऊ नये.

‘तीन टाके, दुसऱ्या दिवशी घरी’

टाके छोटे असतात, त्यावरून आतलं काम छोटं ठरत नाही. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून, डोकं खाली करून, पूर्ण भूल देऊन हे काम दोन-चार तासही चालतं. गाठ गुदाशयावर असेल तर आतड्याचा तुकडा काढण्याची वेळ येऊ शकते, क्वचित काही आठवडे शौचासाठी पोटावर बाहेरून पिशवी लावावी लागते. म्हणून आधीच विचारा: गरज पडल्यास आतड्याचे सर्जन हजर असतील का? अनपेक्षित खोल आजार दिसला तर थांबून, नीट योजना करून पुन्हा कराल की तिथेच पुढे जाल? नंतर व्हिडिओ आणि बायोप्सीचा रिपोर्ट मिळेल का?

तयारी महिना-दीड महिना आधी सुरू होते. पहिल्यांदा हिमोग्लोबिन, कारण जास्त अंगावरून जाणाऱ्यांचं ते कमी असतं आणि लोहाच्या गोळीला ते वाढवायला आठवडे लागतात. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, चहा-दुधासोबत नको. तंबाखू आणि मिश्री किमान चार आठवडे आधी बंद. बायका मिश्रीला व्यसन धरत नाहीत, म्हणून भूलतज्ज्ञांना सांगतही नाहीत. काढे, अश्वगंधा, लसणाच्या कॅप्सूल दोन आठवडे आधी थांबवा. रक्त पातळ करणाऱ्या आणि गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारूनच ठरवा. तारीख पाळीत आली तर फोन करा. पूजेला घेतो तशा पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

दोन-तीन पाळ्यांची वही ठेवा: तारीख, ० ते १० मध्ये दुखणं, शौच, लघवी, संबंध, घेतलेल्या गोळ्या, बुडालेले दिवस. सहा महिन्यांनी ऑपरेशनचा उपयोग झाला का, हे हीच वही सांगेल.

विमा असेल तर पॉलिसी आत्ताच वाचा. अनेक पॉलिसींत एंडोमेट्रिऑसिसला दोन वर्षांची प्रतीक्षा असते, आणि वंध्यत्वावरचे उपचार वगळलेले असतात. ऑपरेशन दुखण्यासाठी होत असेल तर कॅशलेसच्या कागदावर तसंच स्पष्ट लिहिलेलं हवं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा.

आदल्या रात्री हलकं जेवण. घन पदार्थ सहा तास आधी बंद, साधं पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळी वेळ दिली तर ती पाळा. दुधाचा चहा पाण्यात मोजायचा नाही, त्यालाही सहा तास. ‘घोटभर चहानं काय होतंय’ म्हणून दिलेल्या कपापायी ऑपरेशन पुढे जातं.

नंतरचे दोन-तीन दिवस खांदा दुखतो, तो पोटात उरलेल्या वायूमुळे, चालल्याने उतरतो. साध्या ऑपरेशननंतर एक-दोन आठवडे, खोल असेल तर चार ते सहा आठवडे सुट्टी धरा. भरलेला गॅस सिलिंडर जवळपास तीस किलोचा असतो. तो सरकवणं, हंडा उचलणं, पिंपात वाकून पाणी काढणं हे सगळं त्या काळात दुसऱ्या कुणाचं काम. पहिली-दुसरी पाळी जोरात येऊ शकते, त्यावरून ऑपरेशन फसलं असं समजू नका.

ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर, पोट दिवसागणिक जास्त दुखणं किंवा फुगणं, उलट्या, लघवी अडकणं, कुशीत कळ, योनीतून सतत पाणी झिरपणं, एका पोटरीला सूज, तासाला एक पॅड भिजणं: यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न पाहता त्याच रुग्णालयात जा. आतड्याला किंवा मूत्रवाहिनीला झालेली इजा कधी कधी घरी आल्यावर, चौथ्या-पाचव्या दिवशी किंवा त्यानंतरही उघड होते. म्हणून त्या आठवड्यात गावी जायचं ठरवू नका, आणि ऑपरेशनचा कागद हाताशी ठेवा.