मूळ उतारा कुठाय?

काल गुरुवार, त्यामुळे लाइट नाही, त्यामुळे मी सोसायटीच्या ऑफिसातल्या इन्व्हर्टरला लॅपटॉप जोडून मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोघांचे कोडमधले एकमेकांशी भिडलेले बदल, सोडवत बसलेलो. अकराशे ओळींची फाईल, माउसचं चाक फिरवत खाली, वर, परत खाली. तर मॅनेजर कॉलवर सगळ्यांदेखत म्हणतो, "अरे अजून बाणच शोधतोयस का?" बाण म्हणजे गिट, हे कोडचे बदल सांभाळणारं टूल, भांडणाच्या जागी टाकतं ती खूण. आता विम या एडिटरमध्ये स्लॅश दाबून सात बाण टाईप केले की कर्सर थेट कॉन्फ्लिक्टवर जातो आणि मग नुसतं एन दाबत सुटायचं, हे मला माहितीये हो, पण मागे कोणी उभं असलं की बोटं चालत नाहीत.

मागे उभे होते तिसऱ्या मजल्यावरचे काका, मोजणी खात्यातून रिटायर.

"हे काय रे?"

"दोघांनी एकाच ओळीला हात लावलाय काका. वरचं आमचं, मधे बरोबरच्या खुणा, खालचं त्यांचं."

"म्हणजे हद्दीचा वाद." काकांनी खुर्ची ओढली. "मूळ उतारा कुठाय?"

"कसला उतारा?"

"वाटणीआधी काय होतं ते बघितल्याशिवाय बांध कोणी कोरला ते कळणार कसं? दोघा भावांचं ऐकतोयस आणि बापाला विचारत नाहीस!"

पुढची वीस मिनिटं भोरकडचे दोन भाऊ, एक आंब्याचं झाड आणि टेपची कडी धरून विहिरीत पडलेला शिपाई. मी रिबेसचं सांगितलं, म्हणजे आपले बदल उचलून त्यांच्या बदलांवर परत लावायचे, की तिथे 'आमचं' म्हणजे त्यांचं होतं आणि 'त्यांचं' म्हणजे आपलं, तर म्हणे, "दत्तक गेलेला मुलगा. पुढे?"

चीड याची की म्हातारा बरोबर होता. गिट मूळ ओळी आपणहून दाखवत नाही, कॉन्फ्लिक्टस्टाइल या सेटिंगला डिफ३ लावलं की मधे उभ्या रेघांखाली दिसतात. लावलं. मुळात टाइमआउट, म्हणजे किती वेळ वाट बघायची तो आकडा, ३०, मी केलेला ६०, आणि समोरच्या महाशयांनी तोच ३० ठेवून अख्ख्या फाईलवर फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप बदलणारं टूल, फिरवलेला! नुसत्या स्पेस! डोळे झाकून 'त्यांचं' घेतलं असतं तर माझं काम गेलं असतं आणि वर कॉलवर परत मीच. काम दोन ओळींचं आणि फॉरमॅटर अकराशे ओळींवर, अशा माणसाला कोणी काही बोलत नाही, तो 'क्लीन कोड'वाला.

पुश करायला, म्हणजे माझे बदल सगळ्यांच्या कोडात ढकलायला गेलो तर रिजेक्ट. तेवढ्यात त्यानेच अजून काहीतरी ढकललेलं. पुल केलं, म्हणजे त्याचे बदल माझ्याकडे ओढले, परत सात बाण.

"अपिलात गेलं म्हण," काका म्हणाले. लाइट आली तरी उठले नाहीत.