वरून जळगाव

जळगावात सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हा पार्किंग, लिफ्ट, बोअरचं पाणी असं सगळं नीट विचारून घेतलं होतं. पाहुण्यांना गच्चीवरून शहर दाखवायचं कामही याच दरात अंगावर येतं, हे कोणी बोललं नव्हतं. आता घरी कोणीही आलं की आधी चहा, मग शेवभाजी आणि मग बोट वरच्या दिशेने: "वरून कसं दिसतं हो जळगाव?"

या हौसेसाठी बाहेरच्या लोकांनी रीतसर सोय केली आहे. पॅरिसवाले १८८९ पासून आयफेल टॉवरवर माणसं चढवताहेत, न्यूयॉर्कला एम्पायर स्टेटच्या ८६व्या मजल्यावर खास सज्जा आहे. तिकीट काढलेला माणूस निमूटपणे जे दिसेल ते बघतो. फुकटवाल्याला मात्र सगळंच दिसायला हवं असतं.

या मे महिन्यात अमळनेरची फुई, म्हणजे आत्या, आणि नाना आले. नाना नुकतेच दुबईला मुलाकडे जाऊन आले होते आणि त्यांच्या बोलण्यातला बुर्ज खलिफा अजून उतरला नव्हता. ८२८ मीटर उंची! १२४व्या मजल्यावरून बघायचं, म्हणजे ४५२ मीटरवरून! लिफ्ट मिनिटभरात वर! "कानात दडे बसतात राव," असं ते इतक्या अभिमानाने सांगत होते, जणू दडे तिकिटातच होते. फुई तिथे वर गेलीच नव्हती. एवढ्या पैशात लग्नाचा आहेर होतो म्हणत ती खाली कारंजी बघत बसली. पण ती रुखरुख दुबईहून अमळनेर आणि अमळनेरहून आमच्या हॉलपर्यंत आली होती. "धाबावर चाल ना रे भाऊ," ती म्हणाली.

धाबं म्हणजे गच्ची, आणि गच्चीला कुलूप. चावी चेअरमनकडे, चेअरमन झोपलेले. वहिनींनी दाराच्या फटीतून सांगितलं, चावी वॉचमनकडे. वॉचमन म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे, त्यांचे बिबडे वाळताहेत." बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. तेवढ्यात लाइट गेली. म्हणजे तळमजल्यापासून तिसरा मी पायी चढलो आणि तिथे काकूंनी मला दारातच उभं केलं. किती जण? लहान मूल आहे का? कशासाठी जायचंय? शहर बघायला, म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. रोज ज्यातून भाजी आणायची, ते शहर मुद्दाम काय बघायचं? शेवटी एका अटीवर चावी मिळाली: चपला बाहेर.

पुढचे चार मजले चढून वर आलो तेव्हा नानांनी घड्याळ बघितलं. "दुबईचा व्हिसासुद्धा याच्या आधी मिळाला होता."

मे महिन्यातली जळगावची गच्ची, संध्याकाळचे पाच, पारा चव्वेचाळीसच्या आसपास आणि आम्ही अनवाणी. सगळीकडे जुन्या साड्यांवर ज्वारीचे बिबडे, मध्ये टाकीपर्यंत जाणारी वीतभर वाट. फरशी अशी तापलेली की एक पाय टेकला की दुसरा आपोआप उचलला जाई. बुर्ज खलिफा जिंकून आलेले नाना टाकीच्या सावलीच्या अरुंद पट्ट्यात एका पायावर उभे होते. तिथूनच त्यांनी शहर बघायला घेतलं.

दिसायचं ते दिसलं. काळ्या टाक्या, डिश, मोबाइलचे टॉवर, पुन्हा टाक्या. महापालिकेची सतरा मजली इमारत, जिच्यावरून आम्ही जळगावकर बाकी सगळ्यांची उंची ठरवतो. मेहरूण तलावाकडे बोट केलं तर तिथे उन्हाची नुसती झळझळ. उत्तरेला सातपुडा आहे असं मी सांगितलं; त्यावर नाना फक्त "असेल" म्हणाले. पावसाची सर पडून गेली की तो असा निळाशार उभा राहतो, पण त्या वेळी पाहुणे पेरणीत अडकलेले असतात.

फुईला यातलं काहीच नको होतं. तिला सराफ बाजारातलं ते दुकान बघायचं होतं, जिथे तिच्या लग्नातल्या पाटल्या केल्या. ते दिसेना म्हटल्यावर तिने थेट मुद्द्याला हात घातला. "मनं घर कोठे शे?"

"फुई, तुझं घर अमळनेरला आहे."

"मंग? उंचावर शेत ना आपण?"

इथे माझ्या इंजिनीअरिंगच्या पुतण्याला राहवलं नाही. उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढायचं, त्याला ३.५७ ने गुणायचं, तेवढ्या किलोमीटरवर क्षितिज. आपली गच्ची पंचवीस मीटर धरू, वर्गमूळ पाच, म्हणजे जेमतेम अठरा किलोमीटर. पृथ्वी गोल असल्यामुळे भुसावळचीसुद्धा जमीन दिसणार नाही, अमळनेर तर विसराच. सातपुडा दिसू शकतो, कारण तो स्वतःच उंच आहे.

"आणि बुर्ज खलिफावरून?" नानांनी पाय बदलत विचारलं.

"४५२ मीटरवरून साधारण शहात्तर किलोमीटर."

"म्हणजे तो उचलून इथे जळगावात आणला तर..."

"धुळ्याची जमीन दिसणार नाही."

नाना गप्प झाले. फुईचा चेहरा मात्र दुबईहून आल्यापासून पहिल्यांदाच उजळला. एवढे पैसे देऊन धुळंसुद्धा दिसत नाही, मग मी खाली बसले ते बरंच केलं की! हे ती पुढे अख्ख्या अमळनेरला सांगणार, हे नानांनाही तेवढ्यात कळलं असावं.

तोवर काकू वर आल्या होत्या, बिबडे मोजायला. फुईने वाकून एक बिबडा उचलला, उजेडात धरला, मोडून चावला आणि पिठाला आंब किती दिवस दिली इथपासून चौकशी सुरू केली. भट्टी जमली. भाव ठरला. दोन किलो बिबडे फुईच्या पिशवीत गेले आणि काकूंनी हात माझ्यापुढे केला.